आधी ट्राउट, मग बिअर, बेकन सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी जर्मनीत एर्लांगनला येऊन काही महिने झालेत. बाम्बेर्गला राउखबिअर, म्हणजे धुरी दिलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बिअर, प्यायलात आणि ती डोक्यातून जाईना. भाड्याच्या घराला तळघर आहे, मागे हातभर बाग आहे. तेव्हा ही बिअर घरी करायची, आसपासच्या ब्रुअरी पालथ्या घालायच्या आणि स्मोकर आणून मांसही स्मोक करायचं, असा तिहेरी बेत आहे. त्यातही पहिल्याच फटक्यात शंभर टक्के स्मोक्ड माल्टची बिअर आणि घरचं बेकन. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

बेत झकास आहे, क्रम मात्र उलटा करा. आधी जीभ तयार करा, मग मासा, मग बिअर आणि बेकन अगदी शेवटी. तिन्हीकडे कसब एकच आहे: कोरडं लाकूड, स्वच्छ धूर आणि थांबायचं कधी याचा अंदाज. माशात कमी-जास्त झालं तर त्याच संध्याकाळी ताटात कळतं. बिअरमध्ये कळायला दोन महिने जातात. बेकनला दोन-अडीच आठवडे लागतात आणि तिथली चूक नुसती चवीवर निभावत नाही, जिवावरही बेतू शकते. जिथे उत्तर लवकर मिळतं तिथे आधी शिकावं.

जीभ तयार करायला तुमच्याइतकी चांगली जागा जगात कुणाला मिळालेली नाही. न्यूर्नबर्ग–बाम्बेर्ग मार्गावरची एस-१ लोकल तुमच्या स्टेशनवरून थेट बाम्बेर्गला जाते. गाडी घरीच ठेवा. इथे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५ आहे आणि लायसन्स नवं, प्रोबेशनवरचं असेल तर शून्य.

बहुतेक जण उतरल्या उतरल्या श्लेंकर्ला ही राउखबिअरची प्रसिद्ध ब्रुअरी गाठतात. मी पाहुण्यांना आधी श्पेत्सियालला नेतो. ओबेरे क्योनिगश्ट्रासेवर आहे, स्टेशनवरून चालत येताना आधी लागतंही तेच. १५३६ पासूनची ब्रुअरी. माल्टला धुरी अजून स्वतःच देतात, पण हात हलका. माल्टचा गोडवा पुढे असतो, धूर मागून येतो. रस्ता ओलांडला की समोर फेस्ला, १६४९ पासूनची. तिथे फ्रँकोनियाच्या, म्हणजे बव्हेरियाच्या या उत्तर भागाच्या, नेहमीच्या लागर (थंडीत आंबवून मुरवलेल्या बिअर) मिळतात, धुराशिवायच्या. दोन्हीकडे अर्धा-अर्धा लिटर (इथे त्याला झाइड्ला म्हणतात) घेतलात की धूर नेमका काय बदलतो हे पाच मिनिटांत कळतं. मग नदी ओलांडून श्लेंकर्लाला जा.

श्लेंकर्लाची मेर्त्सेन, त्यांची मुख्य धुराची लागर, ५.१ टक्के अल्कोहोलची. तिचं मूळ वर्ट, म्हणजे आंबण्याआधीचा माल्टचा गोड रस, १३.५ प्लेटोचं (प्लेटो म्हणजे त्यातल्या साखरेचं शेकडा माप). लाकडी पिंपातून, वरून गॅस न लावता, नुसत्या उतारावर ग्लासात पडते. पहिल्या घोटाला नाकात हॅमचा वास भरतो आणि निम्मे लोक ग्लास बाजूला सारतात. तिथेच थांबू नका. नाक धुराला सरावतं, आणि दुसऱ्या ग्लासात धुराखालचा माल्ट, हॉप्सचा कडवटपणा वर यायला लागतो. ही गोष्ट घरी बिअर करताना विसरू नका. दिवसभर स्मोक्ड माल्टच्या वाफेत उभं राहिलेल्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या वर्टमध्ये धूर जाणवतच नाही, मग तो पुढच्या खेपेला माल्ट वाढवतो. चव त्या दिवशी दुसऱ्याला बघू द्या.

मेर्त्सेनच्या जोडीला त्यांची हेलेसही मागवा, धाकटी, हलकी. तिच्यात स्मोक्ड माल्टचा एक दाणा नसतो. पण त्याच भांड्यांत शिजते आणि मेर्त्सेनमधून काढलेल्या यीस्टवर आंबते, त्यामुळे तिलाही पुसटसा धूर लागतो. तो तुम्हाला जाणवला तर तुमची जीभ तयार झाली. ऑक्टोबरात त्यांची उरबॉक येते (बॉक म्हणजे कडक लागर), बीचच्या धुराची, ६.५ टक्क्यांची, आणि नाताळाच्या सुमारास ओकच्या धुराची डोपेलबॉक. बीच आणि ओक या दोन लाकडांतला फरक समजून घ्यायला त्या दोन्ही प्याव्यात. ओक मऊ लागतो, बीच जास्त खमंग.

बाकीच्या ब्रुअरींबद्दल फार सांगत नाही, कारण त्यांचा आनंद भटकण्यातच आहे. वुंडरबुर्ग भागात मार्स ब्रॉयची 'उनगेश्पुंडेट' आणि समोर केसमानची पिल्स, एवढं चुकवू नका. उनगेश्पुंडेट म्हणजे टाकीची गुडदी पक्की न ठोकता मुरवलेली बिअर. गॅस निसटतो, म्हणून फेस कमी आणि घोट मोठा जातो. तुम्ही घरी जी बाटली भराल तिचं माप हेच ठेवा. परतीच्या वाटेवर बुटेनहाइमला दोन ब्रुअरी आहेत, फोर्खहाइमला टेकडीतल्या जुन्या तळघरांवर झाडांखाली बाकं मांडलेली असतात, आणि जुलैच्या अखेरीस तिथेच आनाफेस्ट ही जत्रा भरते. या केलरांवर, म्हणजे तळघरांवरच्या बाकांवर, बऱ्याच ठिकाणी आपला डबा चालतो, बिअर तेवढी त्यांची घ्यायची. दशम्या आणि लसणाची चटणी धुराच्या बिअरबरोबर कशी लागते ते स्वतःच बघा. मोठ्या गोल टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी असेल तर तिथे बसू नका, ती रोजच्या मंडळींची जागा असते. चालायची हौस असेल तर आउफसेसला जा: दीडेक हजार वस्तीच्या गावात चार ब्रुअरी, २००० साली गिनिजमध्ये त्याची नोंद झाली, आणि चारही जोडणारी साधारण १४ किलोमीटरची पायवाट आहे.

लहान ब्रुअरीत आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी जा. गर्दी नसते, मालक स्वतः काउंटरवर असतो. 'रेसिपी काय' विचारलंत तर हसून विषय बदलतो. 'किती आठवडे मुरवता' विचारलंत तर बोलायला लागतो. एक गंमत: गप्पा बिअरच्या शुद्धतेच्या कायद्यावर (फक्त पाणी, जव आणि हॉप्स) आल्या की १५१६ चा उल्लेख जपून करा. तो बव्हेरियाचा. बाम्बेर्गच्या बिशपाने तसाच हुकूम १४८९ मध्येच काढला होता आणि ही मंडळी स्वतःला फ्रँकोनियन म्हणवतात, बव्हेरियन नव्हे. त्यावर अर्धा तास सहज जातो.

आता धुराबद्दल. एके काळी जवळजवळ सगळीच बिअर थोडीफार धुरकट असायची, कारण मोड आलेलं जव वाळवायला खाली लाकूडच जळायचं आणि त्याची गरम हवा धुरासकट दाण्यांतून जायची. सतराव्या शतकापासून पुढे भट्ट्या बदलत गेल्या, धूर वेगळा काढता येऊ लागला, आणि बाकी जगाने सुटकेचा नि:श्वास टाकला. बाम्बेर्गच्या एक-दोघांनी जुनी भट्टी सोडली नाही, एवढंच.

धुरातली चव येते लाकडातल्या लिग्निनमधून. ते तापून फुटलं की ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉल तयार होतात. हॅमचा, लवंगेच्या जवळचा, गोडसर वास तो त्यांचाच. पण लाकूड ओलं असेल किंवा हवा कोंडली असेल तर त्याच धुरातून डांबरासारखी कडू द्रव्यं निघतात आणि थंड, ओल्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. त्यामुळे तीन गोष्टी पाळा. लाकूड पूर्ण वाळलेलं. वरची झडप उघडी, धूर आत येऊन बाहेर वाहता राहिला पाहिजे. आणि ज्याला धुरी द्यायची ते बाहेरून कोरडं. लाकडाचे तुकडे पाण्यात भिजवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो सोडून द्या. भिजवलेलं लाकूड आधी वाफ सोडतं, मग धूर, आणि तोवर मासा ओला झालेला असतो. डाळीला धुंगार देताना निखाऱ्यावर तूप टाकून झाकण ठेवतो आणि दोन-चार मिनिटांत काढतो, कारण जास्त ठेवलं की डाळ कडवट होते. इथेही हिशोब तोच, घड्याळ तेवढं मोठं.

लाकूड बीचचं घ्या. बागकामाच्या आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानांत बीचचा भुसा आणि छिलके पिशव्यांत मिळतात. पाइन वगैरे चिकाची लाकडं नकोत (ब्लॅक फॉरेस्टच्या हॅमला फर आणि स्प्रूस वापरतात, पण ते त्यांचं पिढीजात काम आहे), आणि रंगवलेल्या फळ्या, पॅलेट, प्लायवुड तर मुळीच नको. घरमालकाला आधी विचारा, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. कुणाचे कपडे वाळत असतील तर त्या दिवशी बेत रद्द.

पहिला मासा ट्राउट. फ्रँकोनियात मासे पाळणारी तळी जागोजाग आहेत, ताजी ट्राउट सहज मिळते. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या चार घ्या, एका मापाच्या. आतून साफ करून आणल्या तरी कण्याखाली रक्ताची काळपट पट्टी उरलेली असते. ती चमच्याच्या टोकाने खरवडून काढा, नाहीतर पोटाकडचा भाग कडू लागतो. कल्लेही काढा. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम मीठ, दोन तमालपत्रं, थोडी मिरी, हवं तर जुनिपरच्या चार बिया. मासे बुडतील एवढं पाणी करून फ्रिजमध्ये बारा तास. हळद, तिखट, आलं-लसूण पहिल्या वेळी नको. ते वाईट लागतं म्हणून नव्हे. धुराने काय केलं आणि मसाल्याने काय केलं हे वेगळं काढता येत नाही, म्हणून.

सकाळी मासे धुऊन पुसा आणि आकड्याला लावून वारा लागेल अशा सावलीत टांगा. तास-दोन तासांनी बोट लावून बघा. कातडी ओली नको, पूर्ण सुकलेलीही नको. बोटाला किंचित चिकटली पाहिजे. हा टप्पा सगळे जण उरकतात आणि इथेच काम बिघडतं. ओल्या कातडीवर धूर पाण्यात विरघळून तपकिरी ओघळ होतात, आणि त्या ओघळांची चव आंबट-कडू असते. नीट सुकलेल्या कातडीवर तोच धूर सोन्यासारखा बसतो.

स्मोकर आधी शंभर अंशांवर आणा, धुराशिवाय. मासे टांगून वीसेक मिनिटं. पोटाच्या पाकळ्या बाहेर उघडतात, डोळे पांढरे होतात. मग आच कमी करून ६० ते ७० अंशांवर आणा, बीचचा भुसा टाका आणि पाऊण ते एक तास धुरी द्या. धूर पातळ हवा, पलीकडची भिंत दिसेल इतका. पिवळट पांढऱ्या गठ्ठ्यांनी यायला लागला तर झडप उघडा. झालं की नाही हे पाठीवरचा पर सांगतो: चिमटीत धरून हलकं ओढा, अडथळ्याशिवाय मुळासकट सुटून आला आणि मुळाशी मांस अपारदर्शक असलं की मासा शिजला. सुरुवातीला थर्मामीटरही खुपसा. सर्वांत जाड भागात ६५ अंश झाले पाहिजेत. दहा मिनिटं उघड्यावर ठेवून कोमट खा. गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी चव आणखी बसते, उरला तर.

ट्राउट दोन-तीनदा मनासारखी झाली की कोंबडीच्या तंगड्या करा. तिथे १३० ते १४० अंश लागतात, नाहीतर कातडी रबरासारखी राहते. हाडाजवळ ७५ च्या वर गेलं पाहिजे. अमेरिकन पद्धतीचा डुकराचा खांदा हा वेगळा खेळ आहे: ११० अंश, आत ९३-९५ होईपर्यंत, आणि मध्ये सत्तरच्या आसपास काटा तासन्‌तास हलत नाही, कारण मांसातलं पाणी बाष्प होऊन तेवढीच उष्णता बाहेर नेत असतं. घाबरून आच वाढवू नका. त्यासाठी झाकणाचा गोल ग्रिल पुरे, वेगळा स्मोकर लागत नाही.

आता बिअर. कायद्याचं आधी: जर्मनीत घरच्या वापरासाठी वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त करता येते, २०२४ च्या आधी ही मर्यादा २०० लिटर होती. विकायची मात्र एक बाटलीही नाही. हा विषय सीमाशुल्क खात्याकडे असतो, सुरू करण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावरचे सध्याचे नियम वाचून घ्या.

शंभर टक्के स्मोक्ड माल्ट चालतं, पण पहिल्या वेळी निम्म्यावर थांबा. २० लिटरसाठी माझं माप: बीचच्या धुराचं माल्ट २.३ किलो, म्युनिक माल्ट २ किलो, पिल्सनर माल्ट ४०० ग्रॅम आणि रंगासाठी काळ्या भाजलेल्या माल्टचे ५० ग्रॅम. एकूण पावणेपाच किलो, त्यातून १३.५ प्लेटोच्या जवळ पोहोचता येतं. धुराचं माल्ट बाम्बेर्गच्याच वायरमानचं घ्या. १८७९ पासूनची कंपनी आहे, होमब्रूच्या दुकानांत सर्वत्र मिळतं. पिशवी उघडल्यावर दोन दाणे चावून बघा. धूर उडून जातो, वर्षभर दुकानात पडलेलं माल्ट निम्मंही बोलत नाही. आणि व्हिस्कीसाठीचं पीटच्या धुराचं माल्ट चुकूनही त्याच्या जागी वापरू नका. त्यातली फिनॉल वेगळी, दवाखान्याच्या वासाची. पाच टक्क्यांतही ती अख्खी बिअर ताब्यात घेतात.

महागडं यंत्र नको. इथे फळं-मुरांबे बरण्यांत टिकवायला विजेचं मोठं भांडं वापरतात, आइनकोखाउटोमाट, २९ लिटरचं. जर्मनीतले निम्मे हौशी ब्रुअर त्यावरच शिकलेत. त्यात १५ लिटर पाणी तापवा, दळलेलं माल्ट सोडा, ६३ अंशांवर चाळीस मिनिटं, मग ७२ वर अर्धा तास. पांढऱ्या बशीत चमचाभर काढून आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिष्ट उरलंय, दहा मिनिटं थांबा. थेंब पिवळाच राहिला तर साखर झाली. ७८ पर्यंत नेऊन गाळणीच्या बादलीत ओता आणि आणखी १३-१४ लिटर गरम पाण्याने धुऊन घ्या. मग झाकण न लावता सव्वा तास खळखळ उकळा. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्याचा वास बिअरमध्ये राहतो. शेवटचा एक तास उरला की ६ टक्के आल्फा आम्लाचे (कडवटपणा त्याचाच) हॉप्स ४० ग्रॅम. हालरटाउ या बव्हेरियातल्या हॉप्सच्या पट्ट्यातलं काहीही चालेल. सुगंधासाठी नंतर पुन्हा हॉप्स टाकायचा मोह आवरा, धुरासमोर ते टिकत नाहीत आणि भांडतात.

गार लवकर करा आणि १२ अंशांच्या आसपास आणून यीस्ट टाका. डब्ल्यू-३४/७० हे कोरडं लागर यीस्ट, साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं. एकावर काटकसर नको. तुमचं तळघर इथे कामाला येतं. नोव्हेंबर ते मार्च जुन्या घरांच्या तळघरात बहुधा ८ ते १२ अंश असतात, फ्रिज अडवावा लागत नाही. तळघरात थर्मामीटर आत्ताच टांगून ठेवा. दहा-बारा दिवस तिथे, मग तीन दिवस वर १६-१७ अंशांत, म्हणजे लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. हायड्रोमीटरचं (साखर मोजायच्या तरंगत्या नळीचं) वाचन सलग तीन दिवस सारखं आलं, साडेतीन प्लेटोच्या आसपास, तरच बाटल्या भरा. घाई केली तर बाटल्या फुटतात, आणि काच तळघरभर उडते. तारेच्या झाकणाच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, प्रत्येकीत अडीच ग्रॅम साखर. आठवडाभर घरात, मग दोन-चार अंशांवर निदान पाच आठवडे. धुराचा तिखटपणा याच काळात बसतो.

एक गोष्ट ओळखायला शिका. पहिल्या धुराच्या बिअरला 'औषधासारखा' वास आला की लोक म्हणतात धूर जास्त झाला. बहुतेक वेळा तो धूर नसतो. भांडी क्लोरीनच्या द्रवाने धुतली आणि तो राहिला, तर क्लोरोफिनॉल तयार होतं: बँडेजचा, चिकटपट्टीचा वास. जंगली यीस्ट शिरलं तर तीव्र लवंग येते आणि बिअर दर आठवड्याला पातळ, जास्त फेसाळ होत जाते. धुराचा वास हॅमकडे झुकतो आणि मुरण्याने मऊ होतो. बाकीचे दोन मुरण्याने जात नाहीत. म्हणून धुलाईला धुण्याचा सोडा किंवा ऑक्सिजनवाली पावडर, क्लोरीन नाही.

उरलेला चोथा फेकू नका. ओला चोथा पाच किलोंच्या वर भरतो, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो, तेव्हा त्याच दिवशी वाटीवाटीने फ्रीझरमध्ये. टरफलं घशाला टोचतात म्हणून मिक्सरमधून काढा आणि भाजणीत एक तृतीयांश घालून थालीपीठ लावा. धुराच्या माल्टच्या चोथ्याचं थालीपीठ चुलीवरचं वाटतं. कांदा जरा जास्त घाला.

शेवटी बेकन. थंड धुरीत मांस शिजत नाही. पंचवीस अंशांच्या खालीच सगळं चालतं. म्हणजे जंतूंना अडवायचं काम मीठ, नायट्राइट आणि सुकणं यांनीच करायचं असतं, आणि बोटुलिझमशी, म्हणजे जंतूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराशी, खेळ नको. इथे दुकानात 'पोकेलसाल्त्स' मिळतं: साधं मीठ, त्यात ०.४ ते ०.५ टक्के सोडियम नायट्राइट. एक किलो पोटाच्या मांसाला (खाटकाकडे 'श्वाइनेबाउख' मागा) ३५ ग्रॅम, ग्रॅमच्या काट्यावर तोलून. आता नीट वाचा: तुम्ही ज्या अमेरिकन कृती बघता त्यांत गुलाबी 'क्युअरिंग सॉल्ट नंबर वन' असतं, त्यात नायट्राइट ६.२५ टक्के असतं आणि ते किलोला जेमतेम अडीच ग्रॅम पडतं, बाकीचं साधं मीठ. ते अमेरिकन मीठ जर्मन मापाने, ३५ ग्रॅम, घातलं तर ते विष आहे. कृती ज्या देशाची, मीठ त्याच देशाचं. अमेरिकेहून कुणाकडून ते मागवू नका, घरात दोन्ही ठेवू नका.

मीठ, किलोला चार ग्रॅम साखर आणि मिरी चोळून व्हॅक्युम पिशवीत बंद करा. फ्रिजमध्ये ५ ते ७ अंशांवर, जाडीच्या दर सेंटिमीटरला एक दिवस आणि वर दोन दिवस. रोज उलटा. काढून धुवा, पुसा, आणखी दोन-तीन दिवस फ्रिजमध्येच उघडं ठेवा म्हणजे मीठ आतपर्यंत सारखं पसरतं आणि वरचा भाग सुकतो. धुरीला 'श्पारब्रांड' नावाची जाळीची वळणदार चौकट मिळते. तिच्यात भुसा भरून एका टोकाला पेटवला की आठ-दहा तास बिनज्वाळेचा धुमसतो. रात्री एक फेरी, दिवसभर मोकळी हवा, पुन्हा रात्री. अशा तीन ते पाच फेऱ्या. हवा ५ ते १५ अंशांची हवी, म्हणजे तुमच्याकडे साधारण ऑक्टोबर ते मार्च. कडक थंडीत मांसावर धूर बसत नाही, आणि धुक्यात ओल येऊन आंबट होतो. पातळ काप करून तव्यावर परतूनच खा, निदान पहिली एक-दोन वर्षं.

सुटीत पुण्याला जाऊन भावाला बिअर शिकवीन, असंही लिहिलंय. ते नको. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यासाठीही नाही. भावाला ब्रुअरी बघायची असेल तर पुण्यात डूलालीने २००९ मध्ये सुरुवात केल्यापासून ताज्या बिअरची ठिकाणं मिळत गेलीत, तिथे न्या. मासा मात्र खुशाल शिकवा. ट्राउटऐवजी बांगडा घ्या, चरबी भरपूर असल्याने धूर छान धरतो. लाकूड आंब्याचं, पूर्ण वाळलेलं, साल काढलेलं. पाव किलोचा बांगडा असेल तर त्याच मिठाच्या पाण्यात चार-पाच तास पुरे. पावसाळ्यात करू नका, कातडी सुकत नाही. डिसेंबरात पंख्याखाली तासाभरात तयार होते, फक्त जाळी आणि मांजर दोन्हींकडे लक्ष ठेवायला कुणालातरी बसवा.